खंडेनवमीचा मासा

स्वयंपाकघरात सुनंदाने नारळ फोडला आणि बाहेरच्या खोलीत विद्याधर खांबेटेच्या हातातला चहा बशीत सांडला. दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. मुलुंडच्या त्या सोसायटीत कुठल्या ना कुठल्या घरात रोज नारळ फुटतो. कुणाचा नवस, कुणाची चटणी, कुणाची नवी स्कूटर. पण आज तो आवाज थेट त्याच्या उजव्या मनगटात शिरला. गेल्या आठवड्यात, खंडेनवमीला, तिथेच हाडाच्या आत एक बारीकसा झटका बसला होता, आणि तो अजून गेला नव्हता. दाताच्या फटीत अडकलेल्या आंब्याच्या धाग्यासारखा तिथेच होता. त्याने बशीतला चहा परत कपात ओतला. शेजारच्या गॅलरीत शिवदास पारकर, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, सूर्याला अर्घ्य देत होता. निम्मं पाणी सूर्याला आणि निम्मं खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीला. त्यावरून रोज भांडण व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी पाणी पडायचंच. गाढवं आहेत सगळी, विद्याधरच्या मनात आलं. हे मनात आलं की एरवी त्याला जरा बरं वाटायचं. आज वाटलं नाही. आज दहा वाजता भांडुपच्या कारखान्यात काशीराम फिटरला काढून टाकणार होते. काशीरामची काडीइतकीही चूक नव्हती, आणि हे त्या अख्ख्या कारखान्यात एकट्या विद्याधरला ठाऊक होतं.

नारळाशी त्याचं वाकडं लहानपणापासूनचं. वडील पार्ल्यात भिक्षुकी करायचे. सत्यनारायण, वास्तुशांत, बारसं, जिथून येतील तिथून पिशवीभर नारळ घेऊन यायचे. कॉटखाली नारळ, पिंपामागे नारळ, दप्तर ठेवायच्या कोनाड्यातसुद्धा नारळ. आई भाजीत घालायची, आमटीत घालायची, पोह्यांवर घालायची, तरी उरायचे. मग उरलेले नारळ वडील कोपऱ्यावरच्या वाण्याला अर्ध्या किमतीत परत विकायचे, वाणी ते पुढच्या यजमानाला विकायचा, आणि यजमान ते वडिलांपुढेच पाटावर ठेवायचा. त्यातल्या एका नारळाचा एक डोळा बुजलेला होता. तो काणा नारळ विद्याधरने तीन वेगवेगळ्या घरांतल्या पूजेत पाहिला, आणि तिसऱ्या घरी, ऐन आरतीत, मोठ्याने म्हणाला, बाबा, हा आपलाच की. यजमान हसला, वाणी हसला, वडीलही हसले, आणि घरी आल्यावर त्यांनी त्याला फोडून काढलं. त्या दिवशी त्याने मनाशी ठरवून टाकलं की ही सगळी मंडळी मूर्ख आहेत: यजमान, वाणी, वडील, सगळे. तेव्हापासून प्रसादाचं खोबरं त्याने तोंडात घातलं नव्हतं. कुणी दिलंच तर मुकाट घ्यायचा आणि पँटच्या खिशात टाकायचा. सुनंदाला धुण्याच्या वेळी त्याच्या खिशात वाळकी खोबरी सापडायची. ती आता विचारायचीही थांबली होती.

आणि असल्या माणसाच्या वाट्याला हा मासा आला. मासा हे नाव कामगारांनी ठेवलेलं. कागदोपत्री त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, ते फक्त मालक श्यामकांत भडकमकर उच्चारायचे, तेही चुकीचं. पोलादी पोट, पुढे निमुळतं तोंड, मधे एक आडवा पंख आणि मागे शेपटाची पाती. युद्धात शत्रू समुद्रात सुरुंग पेरून ठेवतो. ते पाण्याच्या पोटात तरंगत असतात, तळाशी वजन आणि वजनाला तार. जहाज जाताना मागे लांब तार सोडायची आणि तिच्या टोकाला हा मासा. मासा जिवाच्या आकांताने जहाजापासून लांब, बाजूला पळू बघतो, म्हणून तार तिरपी ताणलेली राहते. सुरुंगाची तार तिला अडकते, घसरत घसरत माशाच्या तोंडाशी येते, आणि तिथल्या जबड्यात कटकन कापली जाते. सुरुंग बुडबुडत वर येतो, मग त्याला लांबून गोळ्या घालायच्या. जहाजाच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणून मासे जोडीने बनवायचे. आजवर हे बाहेरच्या देशांतून यायचे. श्यामकांतना नौदलाची ऑर्डर मिळवायची होती आणि विद्याधरला ड्रॉइंग काढायला मिळालं. लोखंडी गेट आणि पलंग बनवणाऱ्या त्या कारखान्यात बारा वर्षं सडल्यावर त्याला पहिल्यांदाच डोक्याचं काम मिळालं होतं. सगळं कसब शेपटाच्या पात्यात होतं. ते पातं केसभर जरी तिरकं झालं तरी मासा लांब पळायचं सोडून जहाजाकडेच तोंड वळवील. त्याने रात्रीच्या रात्री जागून तो कोन काढला होता, आणि काढल्यावर त्याला वाटलं होतं की ह्या लोकांना हे दाखवणं म्हणजे आंधळ्याला चित्र दाखवणं.

खंडेनवमीला कारखान्यात शस्त्रपूजा. सकाळपासून यंत्रं पुसायची, लेथला झेंडूच्या माळा, ड्रिल मशीनला हळदकुंकू, हातोड्या, कानशी, गुण्या, मोजायच्या पट्ट्या, मायक्रोमीटरसुद्धा, सगळं ओळीने सतरंजीवर मांडायचं. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. हा नियम श्यामकांतच्या वडिलांपासूनचा, आणि त्या दिवशी कारखान्यात मालकसुद्धा अनवाणी. मधोमध दोन लोखंडी घोड्यांवर आडवा ठेवलेला मासा, पिवळाजर्द रंगवलेला, गळ्यात हार, तोंडाला कुंकू. त्याच्या तोंडाखाली काशीरामने धुतलेला दगड आणून ठेवला होता. काशीराम मालवणकडचा, आधी गिरणीत. गिरणी संपात गेली ती गेलीच, मग वर्षभर भायखळ्याच्या भाजीबाजारात पाट्या उचलल्यावर त्याला इथे फिटर म्हणून काम लागलं. शेपटाचं पातं त्यानेच बसवलं होतं, आणि विद्याधरने स्वतः तपासून ते बरोबर असल्याचं सांगितलं होतं. आरती झाली आणि श्यामकांत म्हणाले, नारळ खांबेटेंनी फोडायचा, मासा त्यांचा आहे. सगळे मागे सरकले. हातात नारळ आला. उदबत्तीच्या धुरात विद्याधरला कॉटखालचा तो कुबट वास आला, वडिलांच्या पिशवीचा. सगळे हात जोडून उभे. काशीराम तर डोळे मिटून. किळस आली त्याला. दगड पुढे होता. तो दगडाकडे वळलाच नाही. तुमचा देव आहे ना हा, मग घ्या, असं काहीसं मनात आलं आणि त्याने तो नारळ हाताशी असलेल्या शेपटाच्या पात्यावर हाणला, सगळ्या ताकदीने. एका फटक्यात दोन शकलं. पाणी पात्यावरून ओघळलं. आणि मनगटात तो झटका. पातं किंचित हललं होतं. अपमान केल्याचा त्याला क्षणभर आनंद झाला. पण अपमान झाला हे कुणाला कळलंच नाही. उलट सगळे खूश. खुद्द माशावरच फोडला, एका घावात फुटला, झकास, शुभ झालं म्हणाले. दशरथ सुपरवायझरने तर टाळी वाजवली.

पातं तपासायला हवं होतं. पण पट्टी आणि गुण्या कुंकवाखाली होते, आणि ते उचलायचे म्हणजे श्यामकांतशी वाद, दशरथचं तोंड बघणं आणि काशीरामच्या त्या दुखावलेल्या गाईच्या नजरेला नजर देणं. जाऊ दे मसणात, तो म्हणाला. मासा त्याच संध्याकाळी, तसाच कुंकवासकट, टेंपोत चढला. शनिवारी समुद्रात चाचणी झाली. खात्याचे दोन अधिकारी होते, गॉगलवाले, शुभ्र कपड्यांतले, आणि आपण इथे आहोत म्हणजे देशावर उपकारच, अशा चेहऱ्याचे. मासा पाण्यात पडला, तार सुटली, बोटीने वेग घेतला, आणि मासा जरा बाजूला गेला आणि मग आज्ञाधारक कुत्र्यासारखा वळून बोटीकडेच आला. बोटीच्या बुडाला आपटला. तार बोटीच्या पंख्यात गुंडाळली गेली. इंजिन बंद. दोन तास ती बोट माडाच्या झावळीसारखी डुलत उभी राहिली आणि त्यातला एक अधिकारी आधी हसला, मग उलटी करायला कठड्याशी गेला. श्यामकांतचा चेहरा पांढराफटक. मासा वर काढला तर पातं वाकलेलं, पण आता ते बोटीवर आपटूनही वाकलेलं असू शकत होतं. अधिकारी एवढंच म्हणाले: ड्रॉइंग चुकलं असेल तर विषय संपला, कामगाराने चुकीचं बसवलं असेल तर दुसरा मासा घेऊन या, पण कुणी चुकवलं ते सांगा आणि तो माणूस पुन्हा ह्या कामावर दिसता कामा नये. श्यामकांतनी उत्तर तिथेच देऊन टाकलं.

सुनंदा खवणीवर बसली होती. त्याने दारात उभं राहून तिला सगळं सांगितलं. का सांगितलं ते त्यालाच कळलं नाही. ती ऐकताना खवत राहिली. शेवटी म्हणाली, मग सांगून टाका की, मी वाकवलं म्हणून, त्यात काय. त्यात काय! कारखान्यात वीस माणसं, आणि वीसच्या वीस जणांच्या नवसांना, उपासांना, अंगठ्यांना तो बारा वर्षं हसत आला होता. दशरथच्या गळ्यातल्या ताइताला तो बोल्ट म्हणायचा. श्यामकांतच्या मंगळवारला त्याने साप्ताहिक मूर्खपणा असं नाव ठेवलं होतं. आणि आता त्याने उभं राहून सांगायचं की विद्याधर खांबेटेने यंत्राची वाट लावली, ती नारळाने. हसं होईल हसं. सुनंदा खवणं थांबवून त्याच्याकडे बघत होती.

"तुम्हाला लाज कसली वाटतेय?" तिने विचारलं. "चुकीची, की नारळाची?"

त्याला एकदम तिची जांभळी साडी आठवली. भावाच्या लग्नाला निघताना ती आरशापुढे उभी होती आणि तो अगदी मनापासून म्हणाला होता, छान दिसतेस. ती टिंगल पुरे म्हणत आत गेली, साडी सोडून दुसरी नेसून आली, आणि अख्खं लग्न त्याच्याशी बोलली नाही. त्याला वाटलं होतं, बाई मूर्ख आहे. आज एवढ्या वर्षांनी, तिने खवलेल्या खोबऱ्याचा पांढरा ढीग बघताना, तो प्रसंग का आठवावा, हे त्याला समजेना. तो डबा न घेताच निघाला.

भांडुपची बस रिकामी होती. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून मांडीवर पडलं होतं. कारखान्यांच्या भिंती, चिमण्या, मधेच एखादं देऊळ, देवळापुढे फुलवाल्या. काशीराम आता काय करेल? त्याची बायको सुगंधा घरोघर पापड पोचवायची. एकदा मुलुंडलाही आली होती, आणि विद्याधरने सुनंदाला सांगितलं होतं की कारखान्याच्या माणसांना घरात बसवू नकोस. काशीरामचाही त्याला रागच होता. मान खाली घालून काम करायचं, सायबानू सायबानू म्हणायचं, चूक नसली तरी आधी हात जोडायचे. असल्या माणसाला जग लाथ मारणार नाही तर काय करणार? हे त्याने मनाशी दोनदा म्हणून पाहिलं. पण मनगट ठणकत होतं. आपण ह्याला तुच्छ मानतो आणि तरी ह्याच्याच मागे लपलो आहोत, हे त्याला बसच्या त्या रेक्झिनच्या सीटवर लख्ख दिसलं, आणि स्वतःची इतकी किळस आली की तेवढी खंडेनवमीला त्या सगळ्यांचीही आली नव्हती. सांगायचं, त्याने ठरवलं. हसले तर हसोत.

कारखान्यात काम बंद होतं. श्यामकांत वर्कशॉपच्या मधोमध उभे, शेजारी दशरथ, बाकीचे कामगार यंत्रांपाशी. घोड्यांवर जोडीतला दुसरा मासा होता, न वापरलेला, त्याच्याही गळ्यात वाळका हार. भिंतीच्या फळीवर एक नारळ. चाचणी यशस्वी झाल्यावर फोडायला आणलेला. काशीराम मान खाली घालून उभा होता. आज त्याने धुतलेला शर्ट घातला होता, ह्याचा विद्याधरला का कोण जाणे संताप आला. श्यामकांत म्हणाले, काशीरामने कबूल केलंय. काशीराम हळूच म्हणाला:

"पातां मीच बसयलंय, सायबानू. माझ्याच हातान कायतरी चुकलां असतलां."

"तुझ्या हाताने काही चुकलेलं नाही," विद्याधर म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच खरखरीत वाटला. "पातं मी वाकवलं. खंडेनवमीला. नारळ दगडावर फोडायच्या ऐवजी मी पात्यावर फोडला. त्याने वाकलं."

कुणीतरी मागे फुसकन हसलं आणि गप्प झालं. पण बाकीचे हसले नाहीत. विद्याधर हसण्याची वाट बघत होता, त्याची तयारी त्याने केली होती. हे जे चेहरे समोर होते त्यांची तयारी त्याने केली नव्हती. ते दुखावले होते. सगळ्यांनी तो नारळ पाहिला होता, सगळ्यांनी त्या फटक्याला वाहवा केली होती, आणि नारळाने काही वाईट होऊ शकतं हे त्यातल्या एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. श्यामकांतनी डोळे मिटून घेतले, तोंडात काहीतरी कडू आल्यासारखे.

"खांबेटे," ते म्हणाले, "एका माणसाची नोकरी जातेय. आजच्या दिवस तरी टिंगल नको."

तो म्हणाला, टिंगल नाही, खरं सांगतोय. दशरथ म्हणाला, साहेब, आमच्या पूजेवर तुमचा राग आहे ते आम्हाला माहीत आहे, पण ह्या वेळी काशीरामला कशाला मधे ओढता. आणि काशीराम, ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो काशीराम, पुढे झाला आणि त्याच्याचपुढे हात जोडून म्हणाला, "सायबानू, देवाक नावां ठेवू नकात. माका काढल्यान तरी चलात." बारा वर्षांत विद्याधर जे जे बोलला होता ते सगळं त्या शॉपमध्ये हजर होतं आणि त्याच्या एका खऱ्या वाक्याला आत येऊ देत नव्हतं. कसली ही माणसं, त्याला वाटलं. खरं डोळ्यांपुढे ठेवलं तरी दिसत नाही. मग त्याने दाखवायचंच ठरवलं. फळीवरचा नारळ उचलला, दुसऱ्या माशाच्या शेपटाशी गेला, आणि तसाच, त्याच ताकदीने, पात्यावर हाणला.

नारळ फुटला. पाणी उडालं. मनगटात तोच झटका. आणि पातं वाकलं, नखाएवढं, पण ज्याला डोळे आहेत त्याला दिसेल असं. त्याने मागे वळून पात्याकडे बोट केलं आणि म्हणाला, बघा. कुणीही पात्याकडे बघत नव्हतं. श्यामकांतनी चपला काढल्या होत्या. त्यांच्यामागे एकेकाने काढल्या. दशरथने खाली पडलेलं शकल चटकन उचलून नाकाशी धरलं आणि म्हणाला, चांगला निघाला, खवट नाही. श्यामकांतचा चेहरा निवळला. त्यांनी जवळ येऊन विद्याधरच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, उशिरा का होईना, तुम्हाला बुद्धी झाली. आता ह्या माशाला तरी यश येऊ दे. विद्याधर म्हणाला, अहो, पातं बघा, पातं. ते हो हो म्हणाले, आणि त्यांनी वाकून पात्यावरचं नारळाचं पाणी बोटाने डोळ्यांना लावलं.

काशीराम खाली बसून कानशीच्या टोकाने खोबरं सोडवत होता. त्याच्या शेवटच्या पगाराचा हिशेब त्या वेळी दशरथच्या खिशात तयार होता आणि हे त्याला ठाऊक होतं, तरी तो प्रत्येक तुकडा शर्टाला पुसून सारखा करत होता. मग तो उठला आणि पहिला तुकडा दोन्ही हातांनी विद्याधरपुढे धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"माझ्यासाठी फोडलात," तो म्हणाला. "पयलो तुकडो तुमचो, सायबानू."

विद्याधरने हात पुढे केला. डाव्या हातावर उजवा, वडिलांनी शिकवला होता तसा; इतक्या वर्षांनी हात आपोआप तसे जुळले. खिसा जवळच होता. पण काशीराम समोरून हलत नव्हता, तो तुकडा खाल्ला जाण्याची वाट बघत होता. मागे ते वाकलेलं पातं तसंच होतं. उद्या-परवा हा मासाही समुद्रात जाईल, वळून बोटीकडे येईल, आणि काशीरामच्या जागी जो कुणी असेल त्याला मधोमध उभं करतील. हे सगळं आत्ता पुन्हा एकदा सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि त्या वीस श्रद्धाळू, प्रसन्न चेहऱ्यांकडे पाहिलं. मग खोबरं तोंडात टाकलं आणि चावू लागला. ते गोड होतं.